कार्ड कापलं म्हणजे खातं मिटलं? छे!

पत्रिका जुळली, पगार कळला, फ्लॅट कुणाच्या नावावर आहे ते विचारून झालं की पूर्वी लग्न ठरायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापुरात मुलीच्या मामांनी नवऱ्या मुलाचा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीचा गुणांक, मागितला, त्याच्या अहवालात कर्जांची रांग निघाली आणि जुळत आलेलं लग्न फिसकटलं, अशी बातमी देशभर गाजली. मामाचं काम नवरीला बोहल्यावर आणायचं. या मामांनी त्याआधीच कागदपत्रं तपासून घेतली.

अशा अहवालात सगळ्यात बोलकी नोंद असते ती क्रेडिट कार्डाची. गृहकर्जाचा हप्ता ठरलेला असतो, बँक तो आपणहून कापून घेते आणि विषय मिटतो. कार्डाचा आकडा मात्र दर महिन्याला नवा आणि तारीख पाळायची जबाबदारी आपली. गंमत अशी की कार्डाच्या पायी नाव बिघडतं ते बहुतेक वेळा मोठ्या उधळपट्टीने नाही. ते बिघडतं ५८८ रुपये ८२ पैशांसारख्या रकमांनी. हा आकडा कुठून आला ते पुढे येईलच. त्याआधी एका वल्लीला भेटू.

१,४९७ कार्डं, वापरात एक

कॅलिफोर्नियातले वॉल्टर कॅव्हना यांनी १९६९ मध्ये मित्राशी पैज लावली: वर्षअखेरीस ज्याच्याकडे जास्त क्रेडिट कार्डं, त्याला दुसऱ्याने जेवण द्यायचं. मित्राने १३८ जमवली, कॅव्हना यांनी १४३. मित्र थांबला, हे थांबलेच नाहीत. गिनीज बुकात त्यांच्या नावावर १,४९७ चालू कार्डांची नोंद झाली. एकूण मर्यादा १७ लाख डॉलरच्या वर. कार्डं ठेवायला जे पाकीट आहे ते उलगडलं तर ७६ मीटर लांब भरतं आणि वजन साडेसतरा किलो. लोक त्यांना ‘मिस्टर प्लास्टिक फँटास्टिक’ म्हणतात.

एवढी कार्डं म्हणजे माणूस गळ्यापर्यंत कर्जात बुडाला असणार, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते खरेदीला एकच कार्ड वापरायचे आणि त्याचं बिल दर महिन्याला पूर्ण भरायचे. क्रेडिट स्कोअर जवळजवळ पैकीच्या पैकी! कार्डं किती आहेत याला फारसं महत्त्व नाही, ती कशी सांभाळली आहेत याला आहे, हे त्यांच्याइतकं ठसठशीत कुणी दाखवलेलं नाही. (तरीही प्रयोग करून बघू नये. प्रत्येक नव्या अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते आणि लागोपाठ चौकशा दिसल्या की बँकेला शंका येते. स्वतःचा स्कोअर स्वतः मात्र कितीही वेळा बघा, त्याने तो कमी होत नाही. तो घसरेल ही भीती अजून कित्येकांच्या मनातून जात नाही.)

न मागता घरात आलेलं कार्ड

सप्टेंबर १९५८. कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो शहरात बँक ऑफ अमेरिकाने सुमारे ६०,००० लोकांना टपालाने कार्डं पाठवून दिली. अर्ज नाही, विचारणा नाही, थेट घरात कार्ड. फार तर ४ टक्के लोक बिल थकवतील असा बँकेचा अंदाज होता, थकवलं २२ टक्क्यांनी. त्याच कार्डाचा पुढे १९७६ मध्ये ‘व्हिसा’ झाला, त्यामुळे या फजितीला आता दूरदृष्टी म्हणतात. न मागता कार्डं पाठवण्यावर अमेरिकेने १९७० मध्ये बंदी घातली.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेचे कार्डविषयक निर्देश याबाबत कडक आहेत. न मागितलेलं कार्ड देऊन त्याचं बिल लावलं, तर बँकेने ते शुल्क परत करायचंच, वर त्याच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यायचा. कार्ड मागवलं पण ३० दिवसांत सुरूच केलं नाही, तर बँकेने ओटीपी घेऊन ‘सुरू करू का?’ असं विचारायचं आणि होकार मिळाला नाही तर एक पैसाही न लावता खातं बंद करायचं. मॉलमधल्या स्टॉलवर मोफत ट्रॉली बॅगेच्या मोहात सही करून घरी आलेल्यांसाठी ही पळवाट आहे. बॅगेचं काय करायचं, याबद्दल निर्देश गप्प आहेत.

कात्रीचा उपयोग शून्य

आता ते ५८८ रुपये ८२ पैसे.

‘मी तर ते कार्ड कापून टाकलं होतं!’ बँकांच्या तक्रार खिडकीवर हे वाक्य रोज ऐकू येत असेल. कात्रीने कापला जातो तो प्लास्टिकचा तुकडा, ८५.६ मिलिमीटर बाय ५३.९८ मिलिमीटरचा. खातं बँकेत शाबूत असतं. मुदतीचंही तसंच. कार्डावर छापलेली महिना-वर्षाची मुदत त्या प्लास्टिकची असते, खात्याची नव्हे. नवं कार्ड येतं, नंबरही कधी बदलतो, पण अहवालातलं खातं तेच, त्याचं वय तेच.

तर समजा, वर्षाला ४९९ रुपये फी असलेलं एक कार्ड आपण कापून केरात टाकलं. पुढच्या वर्षी फी लागली. तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८९ रुपये ८२ पैसे. एकूण ५८८.८२. बिल गेलं जुन्या ईमेलवर, एसएमएस गेला पोर्ट न करता सोडून दिलेल्या नंबरावर. तारीख उलटली, विलंब शुल्क लागलं, त्यावर पुन्हा जीएसटी. एक वस्तू विकत न घेता माणूस थकबाकीदार झाला. दोन वर्षांनी तो गृहकर्जासाठी बँकेत जातो. तिथला अधिकारी स्क्रीन त्याच्याकडे वळवतो आणि विचारतो, ‘हे काय हो?’

‘लाइफटाइम फ्री’ कार्डाला हा धोका कमी, म्हणून तर घरात एखादं ठेवायला तेच बरं. पण ‘पहिलं वर्ष फ्री’ आणि ‘लाइफटाइम फ्री’ यांतला फरक सांगताना फोनवरचा आवाज फार झरझर बोलतो.

शून्य शून्य शून्य म्हणजे शाब्बास

सिबिलचा अहवाल उघडला की प्रत्येक खात्याखाली छोट्या चौकोनांची रांग दिसते, ३६ महिन्यांची. शाळेतल्या हजेरीपटासारखी. चौकोनात ‘०००’ असेल तर त्या महिन्यात सगळं वेळेवर. ‘०३०’ असेल तर ३० दिवस उशीर. ‘एक्सएक्सएक्स’ म्हणजे बँकेने त्या महिन्याची माहितीच कळवली नाही, त्यात आपला दोष नाही.

इथे एक सवलत आहे, ती कित्येकांना माहीत नसते. देय तारीख चुकली की त्याच रात्री नाव काळ्या यादीत जात नाही. तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच बँकेला विलंब शुल्क लावता येतं आणि थकबाकी म्हणून कळवता येतं. मात्र चौथ्या दिवशी मोजणी सुरू होते ती मूळ देय तारखेपासून. म्हणजे तीन दिवस चुकल्यावर सावरायला आहेत, दरमहा तेवढा उशीर करायला नाहीत. शिवाय विलंब शुल्क उरलेल्या रकमेच्या हिशेबानेच आकारायचं, सबंध बिलाच्या नव्हे.

बँका ही माहिती कळवतात चार कंपन्यांना: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बोलण्यात मात्र चौघींचा कारभार एकट्या सिबिलच्या नावावर. सिबिल सगळ्यात थोरली, सिद्दीकी समितीच्या शिफारशीवरून ऑगस्ट २००० मध्ये मुंबईत स्थापन झालेली. पूर्वी माहिती महिन्याने जायची. जानेवारी २०२५ मध्ये ती किमान दर पंधरवड्याला जाऊ लागली. त्यामुळे चूक लवकर दिसते, सुधारणाही लवकर दिसते. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा २०१७ पासूनचा नियम आहे. दर तीन महिन्यांनी एकीकडून मागवला तर वर्षभर पाळत राहते, तीही फुकटात. अहवालात चूक असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, हा एप्रिल २०२४ पासूनचा नियम.

‘किमान देय’: अहवाल स्वच्छ, खिसाही स्वच्छ

बिलावर दोन आकडे असतात. एक मोठा, पोटात गोळा आणणारा. दुसरा लहान, गोड. तो गोड आकडा, किमान देय, भरला तरी अहवालात ‘०००’ येतं. खातं चांगल्या स्थितीत, नाव निर्मळ. मग बिघडतं कुठे?

५०,००० रुपयांचं बिल घ्या. किमान देय ५ टक्के धरलं तर २,५००. ते भरून उरले ४७,५००. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज १,६६२ रुपये ५० पैसे, त्यावर जीएसटी २९९ रुपये २५ पैसे. मिळून १,९६१ रुपये ७५ पैसे. म्हणजे पुढच्या महिन्यात पुन्हा २,५०० भरले, तरी मुद्दल जेमतेम ५३८ रुपयांनी हललं. प्रत्यक्षात हिशेब याहून कडू असतो, कारण बिल पूर्ण न भरल्यास व्याज खरेदीच्या दिवसापासून लागतं आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. एरवी जी ४५-५० दिवसांची मुदत फुकट मिळते, ती जाते. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेल्या दुधाच्या पिशवीवरही त्याच दिवसापासून व्याज.

वर्षाला ४०-४५ टक्के व्याज कायद्यात बसतं का? ग्राहक संघटनेने लढून पाहिलं. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ७ जुलै २००८ रोजी निकाल दिला की ३० टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. प्रकरण सोळा वर्षं चाललं आणि २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा निकाल रद्द केला. तेव्हा कुणी वाचवेल याची वाट बघण्यात अर्थ नाही.

एक बारकी खोच: ऑटो-पे लावताना अ‍ॅप विचारतं, ‘एकूण देय’ की ‘किमान देय’? घाईत दुसऱ्यावर बोट पडलेले कितीतरी लोक ‘माझं तर सगळं आपोआप जातं’ म्हणून निश्चिंत असतात. आज संध्याकाळी अ‍ॅप उघडून हे एकदा बघाच.

बंद केल्यावर स्कोअर का घसरतो?

शहाणपणाने केलेलं काम आणि तरी फटका, याचं हे उदाहरण. दोन कार्डं: एकाची मर्यादा १,००,०००, दुसऱ्याची ५०,०००. महिन्याचा खर्च ३०,०००. दीड लाखातले ३० हजार, म्हणजे २० टक्के वापर. ठीक. आता काटकसरीच्या भरात मोठ्या मर्यादेचं जुनं कार्ड बंद केलं. खर्च तोच, पण आता ५० हजारांतले ३० हजार. एकदम ६० टक्के! एक रुपयाही जास्त खर्च न करता माणूस कर्जावर जगणारा दिसू लागला. साधारण ३० टक्क्यांच्या आत वापर असावा, असं सल्लागार सांगतात.

बंद खात्याचा चांगला इतिहास लगेच पुसला जात नाही, तो अहवालात वर्षानुवर्षं दिसतो. मर्यादा मात्र त्याच क्षणी जाते. म्हणून सगळ्यात जुनं आणि बिनफीचं कार्ड शक्यतो राहू द्यावं, आणि बंद करायचंच तर गृहकर्जाच्या अर्जाआधी नको. फीचं ओझं असलेलं, कुणी विचारत नाही असं कार्ड मात्र खुशाल बंद करा. स्कोअरसाठी दरवर्षी पाच हजार फी भरणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

वडापाव खा, कार्ड जगवा

कार्ड ठेवलं आणि वर्षभर वापरलंच नाही, तर बँक ते बंद करण्याची प्रक्रिया सुरू करू शकते. आधी कळवायचं, ३० दिवस वाट बघायची, उत्तर आलं नाही तर बंद. म्हणजे जुनं कार्ड कपाटात जपून ठेवणारे ते नकळत घालवून बसतात.

उपाय गाडीवर मिळतो. सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. व्यापाऱ्याचा क्यूआर कोड स्कॅन करायचा, खात्याऐवजी कार्ड निवडायचं, वीस रुपयांचा वडापाव क्रेडिट कार्डावर. ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी लावणाऱ्या दुकानदारालाही कळत नाही की गिऱ्हाईक आज उधारीवर खाऊन गेलं. त्याला पैसे रोखच मिळतात आणि लहान व्यापाऱ्याला २,००० रुपयांपर्यंत शुल्कही नाही. मित्राच्या खासगी क्यूआरवर मात्र हे चालत नाही, तिथे बँक खात्यातूनच द्यावे लागतात. रुपे नसेल तर त्या कार्डावर एखादं मोबाइल रिचार्ज लावून ठेवावं, एकूण देयाचं ऑटो-पे जोडावं आणि विसरून जावं.

‘काका, रागावू नका ना’

कार्ड बंद करायला फोन करणं ही एक स्वतंत्र कला आहे. ज्येष्ठ मंडळी यात तरबेज. संवाद साधारण असा:

‘हे कार्ड बंद करा.’

‘काका, का बंद करताय? इतक्या वर्षांचे कस्टमर आहात.’

‘वापर नाही, आणि हजार रुपये फी लावलीत.’

‘मी फी रिव्हर्स करून दिली तर ठेवाल का?’

‘जीएसटीसकट?’

‘...एक मिनिट होल्ड करता का?’

पलीकडे संगीत वाजतं. काका स्पीकर लावून शेंगा सोलत बसतात. बहुतेकदा फी परत मिळते, जीएसटीसकट. नव्या गिऱ्हाइकावर खर्च करण्यापेक्षा जुनं टिकवणं बँकेला स्वस्त पडतं, हे काकांना पक्कं ठाऊक असतं. काहींचं तर कॅलेंडरवर लिहिलेलं असतं: ‘कार्ड बंद करणे (खोटे)’.

पुण्यात ८००, एडिसनला भोपळा

नोकरीसाठी न्यू जर्सीतल्या एडिसनला गेलेल्या मराठी इंजिनिअरला पहिल्याच महिन्यात कळतं की भारतातला स्कोअर सामानात बांधून नेता येत नाही. तिथलं मोजमाप वेगळं: फायको, ३०० ते ८५०. सिबिल ३०० ते ९००. अमेरिकेत तो कोरा कागद. सुरुवात बहुधा अनामत भरून मिळणाऱ्या कार्डाने करावी लागते. आपल्याकडेही नवख्यांना मुदत ठेवीवर कार्ड मिळतं, तोच प्रकार.

फायकोत ३५ टक्के वजन वेळेवर भरण्याला, ३० टक्के देणं किती आहे याला, १५ टक्के खात्यांच्या वयाला, आणि नवं कर्ज व कर्जांचे प्रकार यांना प्रत्येकी १०. चांगल्या स्थितीत बंद केलेलं खातं तिथल्या अहवालात दहा वर्षांपर्यंत राहू शकतं. कार्ड वापरलं नाही म्हणून दंड लावायला तिथे २०१० पासून मनाई आहे. खरी गडबड उलट्या दिशेने होते: माणूस तिकडे स्थिरावतो आणि इकडच्या कार्डाला जोडलेला भारतातला मोबाइल नंबर बंद पडतो. मग ओटीपी नाही, बिल नाही, आणि वार्षिक फी मात्र नेमाने लागते. जाण्याआधी एक तर नंबर चालू ठेवायची सोय करावी किंवा कार्ड रीतसर बंद करावं.

किरकोळ, पण चघळायला छान

१९५० मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेलं पहिलं डायनर्स क्लब कार्ड पुठ्ठ्याचं होतं. संस्थापक फ्रँक मॅकनमारा पाकीट विसरून हॉटेलात अडकले आणि कल्पना सुचली, ही प्रसिद्ध गोष्ट कंपनीच्या प्रसिद्धी अधिकाऱ्याने रचलेली होती. त्याने ते पुढे स्वतःच सांगितलं.

कार्डावरची काळी चुंबकीय पट्टी प्लास्टिकला चिकटेना. आयबीएममधले फॉरेस्ट पॅरी वैतागून घरी आले, तेव्हा बायको कपड्यांना इस्त्री करत होती. तिने पट्टी इस्त्रीने दाबून दिली आणि काम फत्ते.

कार्डाचा शेवटचा अंक राखणदार असतो. आयबीएमच्याच हान्स पीटर लून यांची ही युक्ती. ४१११ ११११ ११११ ११११ हा प्रोग्रामर मंडळींचा चाचणीचा नंबर घ्या. डावीकडून एक सोडून एक अंक दुप्पट करा: ४ चे ८, सात एक्क्यांचे १४. उरलेले आठ एक्के ८. बेरीज ३०, दहाने भाग जातो, म्हणजे नंबर बरोबर. (दुप्पट केल्यावर दोन आकडी संख्या आली तर तिचे अंक मिळवायचे.) एखादा अंक चुकला की हिशेब बसत नाही.

भारतातलं बँकेचं पहिलं क्रेडिट कार्ड म्हणून सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या १९८० च्या ‘सेंट्रलकार्ड’चं नाव घेतलं जातं. २०२४ मध्ये देशातल्या कार्डांनी दहा कोटींचा टप्पा ओलांडला.

खरंच बंद करायचं असेल तर

आधी देणं शून्य करा, चालू ईएमआय मिटवा, रिवॉर्ड पॉइंट वापरून टाका (बंद झाल्यावर ते सहसा बुडतात), त्या कार्डावर लावलेली ओटीटीची वर्गणी दुसरीकडे वळवा. मग अ‍ॅप, ईमेल किंवा हेल्पलाइनवरून विनंती. टपालानेच अर्ज पाठवा, असा आग्रह बँकेला धरता येत नाही. बँकेला मुदत सात कामकाजाच्या दिवसांची. देणं बाकी नसूनही त्या मुदतीत बंद केलं नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला. म्हणून विनंतीचा क्रमांक जपून ठेवायचा. बंद झाल्याचं बँकेने लगेच कळवायचं आणि ३० दिवसांत सिबिल वगैरे कंपन्यांकडे नोंद करायची. दीड महिन्याने अहवाल उघडून ‘बंद’ लिहिलंय की ‘सेटल्ड’, ते डोळ्यांनी बघा. दुसऱ्याचा अर्थ बँकेने काही रक्कम सोडून देऊन हिशेब मिटवला, आणि पुढचा कर्ज देणारा तिथेच थबकतो.

आणि घाईत बिलापेक्षा तीन रुपये चाळीस पैसे जास्त भरले गेले असतील, तर तेही बँकेने खातं बंद केल्यावर आपल्या बचत खात्यात जमा करायचे असतात. निर्देशात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. काका त्यासाठी फोन करतातच.